तळ्यावरची पाहुणी

मालवणच्या एस.टी. स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती आणि मी शेवटचं सामान मोजत होते. दोन बॅगा, एक खोका, खांद्यावरची पर्स. विमानात किती किलो चालतं ते मला पाठ होतं. कोकमं हवीत तर मेतकूट कमी, असं करत मी वजन बरोबर बसवलं होतं. तेवढ्यात आप्पांनी लेंग्याच्या खिशातून लाकडी रिळावर गुंडाळलेला नायलॉनचा दोरा काढला आणि माझ्या पर्समध्ये कोंबला. टोकाला गरी म्हणजे गळ, आणि वर शिशाचं चांगलं जड वजन.

आप्पा माझे वडील. तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. रविवारी धक्क्यावर बसून गरवणं, म्हणजे असा दोरा सोडून मासे धरणं, एवढाच त्यांचा नाद. मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून गरवायला शिकले. तरी त्या दिवशी चिडले. विमानतळावर अडवतील म्हटलं.

"अडवल्यानी तर सांग, बापाशीन दिल्यान," आप्पा म्हणाले. "आणि आयक. थंय पयलो मासो गावलो काय फोन कर. तवसर मी समजतलंय, तू थंय पावणीच."

पहिला मासा मिळेपर्यंत तू तिथली पाहुणीच. हे सांगून ते रुमालानं चष्मा पुसत बसले आणि गाडी सुटली. साल १९९६.

हे लिहितेय ते मालवणात राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारख्या बॅगा मोजून निघालेल्या बायांसाठी. तुम्हाला वाटतं, परदेशात गेली म्हणजे स्थिरावली. स्थिरावणं इतकं सोपं असतं तर मी ते पहिल्याच आठवड्यात उरकून टाकलं असतं.

तोक्योच्या पूर्वेला हिगाशी-कसाईत आम्हाला घर मिळालं. शिरीष, माझा नवरा, पुण्याचा, संगणक कंपनीत. तेव्हा त्या भागात भारतीय घरं मोजकीच होती. कचऱ्याचे वार मी पाठ केले, जळणारा कुठला, न जळणारा कुठला. स्टेशनवरच्या सायकलींच्या रांगेत माझी सायकल कुठे लावायची ते ठरवलं. कानजी, म्हणजे जपानी चित्राक्षरांची कार्डं फ्रीजवर चिकटवली. सगळं जमलं. फक्त व्हिसावर 'डिपेंडंट' असा शिक्का होता, आणि तो दिसला की डोकं फिरायचं. मालवणात मी शाळेच्या ऑफिसात काम करत होते. अवलंबून कुणावर नव्हते.

म्हणून बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात पार्ट-टाइम नोकरी धरली. पट्ट्यावरून डबे यायचे, मी भातावर तीळ टाकायचे, शेजारी नोमुरा-सान लोणचं ठेवायच्या. पन्नाशीच्या, बारीक, हसऱ्या. मला 'केरुकारु-सान' म्हणायच्या. माझं आडनाव केळकर, पण त्याच्या यापेक्षा जवळ कुणाचीच जीभ पोचली नाही. त्यांचं माहेर तोक्योच्या उत्तरेला, निक्को गावाच्याही वर, डोंगरातल्या एका मोठ्या तळ्याच्या काठी. तिथे त्यांच्या आईचं होडीघर होतं आणि उन्हाळ्यात कायाक, दोघांपुरत्या अरुंद होड्या, भाड्याने जायच्या. तळ्यात ट्राउट जातीचे मासे. जपानीत ट्राउटला 'मासु' म्हणतात. हे कळल्यावर मला ते तळं लगेच आपलंसं वाटायला लागलं.

मी आप्पांच्या दोऱ्याबद्दल सांगितलं. नोमुरा-सानना फार मजा वाटली. "मग ओबोनच्या सुट्टीत चला आमच्याकडे," त्या म्हणाल्या.

ओबोन म्हणजे ऑगस्टच्या मध्याला पितरं घरी येतात ते दिवस. लोक गावी जातात, थडगी धुतात, दिवे लावतात. आमचा कारखाना वर्षात दोनदाच बंद असायचा, ओबोनला आणि नववर्षाला. नववर्षाला तिथे गुडघाभर बर्फ. म्हणजे ओबोनच. आता ऑगस्टचा मध्य म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. श्रावण. आमच्या घरी श्रावणात मासा शिजत नाही आणि आप्पांचा दोरा खुंटीवर असतो. पण बोलावलं आहे तर नाही कसं म्हणायचं? मी व्यवहारी तोडगा काढला. मासा धरायचा, बर्फात घालून तोक्योला आणायचा, फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि श्रावण संपला की कालवण. शिरीषला, जो जन्मात मासा खाल्लेला नाही, हे ऐकून खोकला येईपर्यंत हसू आलं.

पहिल्या वर्षी मी सगळी तयारी करून गेले. मासेमारीचा परवाना, लाइफ जॅकेट, टोपी, हातमोजे, बर्फाची पेटी. दोघींची मिळून एक कायाक, पुढे मी, मागे नोमुरा-सान. त्यांच्या घरच्या गरवायच्या काठीला आमिष म्हणून चमच्यासारखी चकाकणारी, गळ लावलेली पत्र्याची चकती बांधलेली. ती मागे सोडायची आणि संथ वल्हवत राहायचं. पाणी इतकं नितळ की खाली आपली सावली दिसावी. मासा मात्र शून्य. दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो, संध्याकाळी गेलो. शून्य.

"तिकडे त्या कड्याखाली जाऊया का?" मी विचारलं.

"तिथे वारा असतो," नोमुरा-सान म्हणाल्या. "इथेच बरं."

दुसऱ्या वर्षीही तेच. मोकळा, उथळ भाग, काठाकाठानं फेऱ्या. मी हिवाळाभर तळ्यांवरची मासिकं शब्दकोश घेऊन वाचली होती. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि ट्राउट खोल थंडाव्याला जातो, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. नोमुरा-सानना दाखवलं, तर त्यांनी कौतुकानं मान हलवली आणि वल्हं पुन्हा उथळाकडे वळवलं. वर म्हणाल्या, "केरुकारु-सान, किती अभ्यास करता!" असं कौतुक झालं की भांडायलाही जागा राहत नाही.

शिरीष काठावर बाकावर मक्याचं कणीस खात बसलेला असायचा. "तू तयारीची यादी केलीस ना? एक प्रत माशांनाही पाठवायची."

"तू कणीस खा."

आणि दर पंधरवड्याला आप्पांचा फोनवर एकच प्रश्न. "काय गो, मासो गावलो?" मी विषय बदलायचे. ते आईला मोठ्यानं सांगायचे, मला ऐकू येईल असं, "पावणी बोलताहा गो."

वरवर गंमत होती. मला ती लागत होती. शिरीषचं कंत्राट १९९९च्या शेवटी संपत होतं. त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "माझं ऑफिसात बरं चाललंय. पण तू म्हणशील तरच वाढवायचं." आणि मला खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षं मी या देशात सगळे नियम पाळले आणि सगळे माझ्याशी गोडच वागले. पण कुणी कधी रागावलं नाही, कुणी कधी काम सांगितलं नाही. होडीघरात मी भांडी धुवायला उठले की नोमुरा-सानची आई, ऐंशीची ताठ म्हातारी, "बसा, बसा" म्हणत मला उशीवर परत बसवायची आणि चहा पुढे ठेवायची. मी मनाशी ठरवून टाकलं. या ओबोनला मासा मिळाला तर राहायचं, नाहीतर डिसेंबरात बॅगा भरायच्या. वेडेपणा आहे, कळतं मला. पण तीन वर्षं व्यवस्थित वागून दमलेल्या बाईला तेवढा माफ असावा.

तिसऱ्या वर्षी वारा सुटला. कायाक आपसूक कड्याच्या बाजूला सरकायला लागली. नोमुरा-सान मागून जोरजोरात वल्हवत होत्या. "वळवा, केरुकारु-सान, वळवा!" मी वळवलं नाही. पहिल्यांदाच मी त्यांचं ऐकलं नाही. कड्याखाली पाणी काळंभोर होतं. मी काठी बाजूला ठेवली, पिशवीतून आप्पांचा दोरा काढला, गरीच्या जागी काठीवरची ती पत्र्याची चकती बांधली आणि शिसं सोडून दिलं. दोरा बोटावरून सरसरत खाली गेला, गेला, गेला. मग धक्क्यावर करायचे तसं बोटानं हलकेच उचलत राहिले.

बोटाला हिसका बसला तेव्हा माझ्या तोंडून मालवणीच बाहेर पडलं. कायाक डगमगली. हातात दोरा कापत होता. वर आला तो माझ्या कोपरापर्यंत लांब, अंगावर ठिपके, पोटाला रुपेरी. मी ओरडून मागे पाहिलं. नोमुरा-सानचा चेहरा पडला होता.

"मोठा आहे," त्या एवढंच म्हणाल्या.

मारायचा धीर मला झाला नाही, श्रावण शेवटी हातात शिरलाच. जाळीच्या पिशवीत घालून ती पाण्यात बुडती ठेवली आणि आम्ही किनाऱ्याला आलो. म्हातारी धक्क्यावर उभी होती. तिनं पिशवी पाहिली आणि लेकीवर कडाडली.

"ओबोनमध्ये मासा? मी सांगितलं होतं ना, यांना उथळातच फिरव म्हणून!"

मला समजायला एक क्षण लागला. पितरं घरी आलेली असताना जीव मारायचा नाही, असा त्यांच्याकडे जुना दंडक. म्हणून तीन वर्षं मला मासे नसतील तिथेच फिरवलं होतं. माझे परवाने, माझी मासिकं, माझी बर्फाची पेटी!

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"तुम्ही एवढ्या आनंदानं तयारी करून यायचात," नोमुरा-सान खाली बघत म्हणाल्या. "कसं सांगणार?"

"अहो, आमच्याकडेही हा महिना असाच असतो! मासा मारत नाही, खात नाही!"

"मग तुम्ही का येत होतात?"

"तुम्ही बोलावलंत. नाही कसं म्हणणार?"

म्हातारीनं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "दोघी सारख्याच मूर्ख," ती म्हणाली. "सोडा त्याला. आणि मासे धरायचे तर जूनमध्ये यायचं."

मी गुडघ्यावर बसून पिशवी उलटी केली. मासा क्षणभर जागीच थांबला आणि निघून गेला. माझी तीन वर्षं गेली त्याच्याबरोबर.

त्याच दिवशी मी आप्पांना फोन लावला.

"गावलो. हातभर. सोडून दिलंय."

"कधी?"

"आज."

आप्पा म्हणाले, "श्रावणात गरवलंस? आणि सोडलंस पण? ह्यो मी धरूचंय नाय. पावणीच तू."

मी फोन आपटला. मासा मिळाला होता आणि मिळालाही नव्हता. शिरीषला म्हटलं, सहाच महिने वाढव, जास्त नको. माझं जूनचं काम राहिलंय.

जूनमध्ये नोमुरा-सानचा फोन आला. दरवेळी त्या काही आणू नका असं फार अदबीनं सांगायच्या आणि मी तरी मिठाईचा खोका नेत असे. या वेळी म्हणाल्या, "खोका नको. जुने कपडे आणा. होडीघर रंगवायचंय." पोचले तर म्हातारी दारातच. "उशीर केलास," म्हणाली आणि हातात ब्रश दिला. दोन दिवस पाऊस झोडपत होता. कायाक पाण्यात गेलीच नाही. आम्ही आतून भिंती रंगवल्या, कायाका घासल्या, आणि मी रंग सांडला म्हणून म्हातारीनं मला दोनदा झापलं. मासा शून्य. परत आल्यावर चिडूनच आप्पांना फोन केला.

"नाय गावलो. पाऊस होतो. दोन दीस होडीघर रंगयलंय."

"कोणी सांगल्यान?"

"म्हातारेन."

"मजुरी दिल्यान?"

"खंयची मजुरी! गाळीये दिल्यान."

"आणि चाय?"

"माझी मीच केलंय. सगळ्यांका दिलंय."

आप्पा म्हणाले, "मगे पावणी खंयची गो तू."

ते सहा महिने अजून संपलेले नाहीत. पुढच्या जूनमध्ये मासे मिळाले, त्यानंतरही मिळाले, काही वर्षी नाही मिळाले. फोन करून सांगायला आप्पा आता नाहीत. त्यांचा दोरा मात्र होडीघरातल्या खिळ्यावर असतो, आणि ओबोनला तो कुणी काढत नाही.

गणपतीला मालवणात जाते तेव्हा भावाची बायको पाट मांडते, पंखा लावते, माझ्या हातातली पिशवीही काढून घेते. मी स्वयंपाकघराकडे वळले की म्हणते, "वन्स, तुम्ही बसा. दमून आलात." मी बसते. ज्या चुलीवर मी दहाव्या वर्षी पहिला चहा केला, तिथे आता मला कुणी चहा करू देत नाही.