वीस मिलीचे चाळीस

मंगळवारी हुबळीला जाऊन पोटातला ड्रेन काढून आले. खरं तर तो पाच दिवस आधीच निघायला हवा होता... का नाही निघाला, ते सांगायला ही पोस्ट.

आधी एक कबूल करून टाकते. कॉलेजमधल्या सगळ्यांना मी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय. हर्निया वगैरे काही नाही हो! दोन वर्षांत बत्तीस किलो वजन उतरवलं, आणि पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली. ती काढून घेतली. टमी टक म्हणतात त्याला. माझं पोट, माझी हौस.

खरं फक्त अक्काला सांगितलं होतं, माझ्या थोरल्या बहिणीला. ती हुबळीत उणकलला, मी इकडे धारवाडात केलगेरीला. "एकावन्नाव्या वर्षी कुणाला दाखवायचंय गं?" म्हणाली. मीही काही कमी नाही, "तुझा जळफळाट होतोय" असं फाडकन बोलून बसले. तेव्हापासून अबोला. अॅडमिट झाले एकटीच, घरी आले तीही एकटीच.

ड्रेन म्हणजे काय, तर कातडीखाली साचणारं पाणी बाहेर यावं म्हणून आत एक बारीक नळी ठेवतात, आणि टोकाला डाळिंबाएवढा फुगा. तो सकाळ-संध्याकाळ उघडायचा, पाणी मापात ओतायचं, किती मिली ते वहीत लिहायचं, आणि फुगा दाबून परत बंद करायचा. गाऊनला पिनेनं अडकवून मी घरभर वाकून चालायचे.

रोज सकाळी साडेआठला हॉस्पिटलमधून महादेवी सिस्टरचा फोन यायचा. किती मिली? ताप? पोट साफ झालं? आणि शेवटी, "नाष्टा आतेन्री?" नाश्ता झाला का, एवढंच. पण त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नाही... सुट्टीत कॉलेज बंद, शेजारचे गावाला गेलेले. मी आठपासूनच फोन जवळ घेऊन बसायचे. केस विंचरून! हसा खुशाल.

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, सलग दोन दिवस तीसच्या खाली आलं की ड्रेन काढू. मग रोजचे फोनही बंद. सहाव्या दिवशी पंचवीस आले, ते सांगितले. सातव्या दिवशी वीस आले... सिस्टरनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चाळीस."

पुढे रोज तेच. चाळीस, अडतीस, परत चाळीस. वहीत खरे आकडे, फोनवर खोटे. आणि मी कोण? अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. प्रॅक्टिकल न करता पोरांनी जर्नलमध्ये ठोकलेली रीडिंग मी एका नजरेत ओळखते, आणि भर वर्गात त्यांची लाज काढते.

सोमवारी डॉक्टरांचाच निरोप आला. एवढे दिवस पाणी कमी होत नाही म्हणजे बघायला हवं, उद्या या. पण आता खरं सांगणार कुठल्या तोंडानं?

ड्रेसिंग रूममध्ये सिस्टरनी फुगा हातात घेतला. तळाशी जेमतेम चमचाभर पाणी, तेही फिकट पिवळं. "काल संध्याकाळपासून एवढंच? मग रोज चाळीस कुठून येत होते, मॅडम?" माझं तोंड एवढंसं झालं.

नळीभोवतीची कातडी लाल झाली होती. डॉक्टरांनी दाबून पाहिली, अँटिबायोटिक लिहून दिलं. म्हणाले, काम संपल्यावरही नळी आत राहिली की तिथूनच इन्फेक्शन शिरतं, अजून दोन-तीन दिवस काढले असतेत तर कदाचित परत टेबलावर घ्यावं लागलं असतं. ज्या पोटापायी बहिणीशी भांडले, तेच मी माझ्या हातानं खराब करायला निघाले होते.

काढायला मिनिटही लागलं नाही. सिस्टरनी टाका कापला, "श्वास घ्या... आता सोडा" म्हणाल्या आणि सावकाश नळी ओढून घेतली. आतून गांडूळ सरकल्यासारखं वाटलं, जरा झोंबलं, आणि संपलं. वर गॉझ लावलं. एक-दोन दिवस थोडं ओलं होईल, पण ताप आला किंवा पोट फुगलं तर लगेच कळवा, असं बजावलं.

आणि मी रडायला लागले. दुखलं का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं, कानडीत, नाक ओढत... की ड्रेन निघाला की तुमचा फोन येणार नाही, म्हणून खोटं बोलले.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. माझ्या गाऊनची बटणं लावता लावता म्हणाल्या, "अय्य मॅडम, नाष्टा आतेनंत केळाक ड्रेन बेकेन्री?" नाश्ता झाला का विचारायला ड्रेन लागतो होय? एवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली, त्या गेल्या. बरोबरच आहे, त्यांना माझ्यासारख्या किती जणी बघायच्या असतात.

सिस्टर, मनापासून थँक्यू. आणि कुणाला ड्रेन असेल तर बाबांनो, आकडे खरे सांगा, आणि घरी स्वतः ओढायचं धाडस करू नका.

काल सकाळी साडेआठला फोन आला नाही. येणार नव्हताच. तरी बसले होते...

अक्का, तू माझ्या सगळ्या पोस्ट वाचतेस, फक्त लाईक करत नाहीस, ते मला माहीत आहे. मी बोलले ते चुकलं. सोमवारी परत दाखवायला जायचंय, कॅब उणकलवरूनच जाते. दहाला तुझ्या दारात येईन, तयार राहा. मला एकटीला नाही गं जायचं आता.