राव्दनाच्या वाट्याची गाडी

बाप गेला तेव्हा राव्दनाच्या वाट्याला थोडी रेनडिअरं आणि बर्फावर चालणारी एक जुनी स्नोमोबाईल आली. कळपाचा परवाना, हिवाळी कुरणाचा हक्क आणि नवी गाडी मिहकालकडे गेली. तो थोरला भाऊ, बायकामुलांचा धनी. राव्दना एकटी, चाळिशी ओलांडलेली. आमच्या सीडात, म्हणजे एकत्र कळप राखणाऱ्या आम्हा चार घरांत, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. बापाच्या शेवटच्या आजारपणात कळपामागे पायी हिंडली होती ती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कागदावर नाव लागणं वेगळं.

राव्दनाच्या वाट्याची ती जुनी गाडी अंगणात आणून उभी केली तेव्हा मी तिथेच होते. लालभडक नवा रंग, चकचकीत.

“नवरीसारखी सजवून दिलीय,” मिहकाल म्हणाला. “आता कुरकुर करू नकोस.”

पायरीवर उभी असलेली त्यांची आई इंगा हसली. राव्दनाही हसली. तिने गाडीच्या सीटवरून हात फिरवला, जसा कुणी आपल्या कुत्र्याच्या पाठीवरून फिरवतो.

पहिलं बर्फ पडलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. सरळ तळ्यावरून जातानासुद्धा राव्दनाला हँडल उजवीकडे दाबून धरावं लागे. संध्याकाळी तिचा खांदा भरून येई. मागे सामानाची घसरगाडी जोडली की सीटखालून कुरकुर ऐकू येई. तिने मिहकालला सांगितलं. तो म्हणाला, “गाडी नाही ओढत, तुझे हात ओढतात.”

शेवटी ती बिएराकडे गेली. बिएरा गावातला पेट्रोलपंप चालवतो आणि पंपामागच्या शेडमध्ये अख्ख्या पठाराच्या गाड्या दुरुस्त करतो. मला गावात काम होतं म्हणून मी तिच्याबरोबर होते. बिएराने पुढचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि पेचकसाने रंग खरवडला. रंगाखाली पुट्टी निघाली. पुट्टीखाली भेग.

“ही दगडावर आदळलीय,” तो म्हणाला. “पुढचा सांगाडा आत गेला होता. हातोड्याने ठोकून बाहेर काढलाय, वर लिंपलाय आणि रंग मारलाय.”

“बाबांनी?”

“तुझ्या बाबांनी गाडी दगडावर कधी घातली होती? ते अंथरुणाला खिळल्यावर कोण चालवत होतं?”

बिएराने मग मागची बाजू पाहिली. तिथे, घसरगाडी अडकवायच्या आकड्यापाशी, पत्र्याला केसासारख्या चिरा गेल्या होत्या.

“हे नुसतं म्हातारपण. जन्मभर ओझी ओढलीत हिने. इथे पट्टी लावून रिव्हेट मारतो, ते टिकेल. पण पुढचं माझ्या हातचं नाही. ॲल्युमिनियम एकदा वाकवून सरळ केलं की त्यातला जीव जातो. पुढचा अख्खा सांगाडाच बदलायला हवा आणि या गाडीचा तो आता बनतच नाही.”

“मग मी काय करू?”

“कळपामागे सावकाश फिर. कडक बर्फावर पळवू नकोस, उड्या तर नकोच.”

तरी त्याने पुढेही एक पट्टी ठोकून दिली, पण ती ठोकताना त्याच्या चेहऱ्यावर काही विश्वास नव्हता.

शरद संपता संपता आपापली जनावरं वेगळी करायला सगळे कुंपणापाशी जमले. कॉफीची किटली फिरत होती. मिहकाल सुकं मांस कापत बसला होता. राव्दना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “दगड कुठे लागला होता?”

“कुठला दगड?”

“पुढचा सांगाडा फुटलाय. रंगाखाली पुट्टी आहे.”

“गाडी बाबांची होती,” मिहकाल म्हणाला. “बाबांना विचार.”

एकदोघे हसले. मग तेही आपापल्या कपात पाहू लागले. तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी बापाच्या आजारपणात मिहकालला ती गाडी दोरीने बांधून घरी ओढत नेताना पाहिलं होतं.

तो हिवाळा राव्दनाने तशाच गाडीवर काढला. सावकाश. पोरं तिला चिडवायची, “राव्दनाबाईंची मिरवणूक निघाली.” ती ऐकून घ्यायची. कळप मात्र तिच्यापुढे शांत चालायचा, तिची गाडी बिथरवत नसे जनावरांना.

एप्रिलमध्ये आम्ही कळप घेऊन किनाऱ्याकडच्या उन्हाळी कुरणांकडे निघालो. माद्या गाभण होत्या आणि वाटेतली नदी मध्येच फुटली होती. काठाला बर्फ आणि मधोमध काळं पाणी. मिहकालच्या नव्या गाडीचं इंजिन त्या सकाळी जाम झालं. तो ते उघडून बसला असताना कळपाचा एक तुकडा कशाला तरी बिचकला आणि नदीच्या दिशेने सुटला. राव्दना गाडीवर बसली होती. मिहकाल धावत तिच्याकडे आला.

“उतर. गाडी दे.”

“मी जाते. बाजूने जाऊन वळवते.”

“तू पोचेपर्यंत ती पाण्यात असतील.”

“मिहकाल, ही पळवायची गाडी नाही. पुढून फुटलीय. सगळ्यांसमोर सांगितलं होतं तुला.”

“बाबांच्या गाडीवर बसून मला शहाणपण शिकवतेस?” त्याने तिच्या दंडाला धरून तिला खाली ओढलं. ती पडता पडता सावरली.

“पळवू नकोस,” ती म्हणाली. “एवढं तरी ऐक.”

त्याने ऐकलं नाही. मी आणि माझा नवरा तंबूच्या काठ्या बांधत होतो, तिथून सगळं दिसत होतं. वाऱ्याने रचलेल्या बर्फाच्या कडेवरून गाडी उडाली आणि डाव्या स्कीवर, म्हणजे पुढच्या घसरपट्टीवर, उतरली. ती स्की, तिला धरणाऱ्या दांड्यासकट, कागदासारखी आत दुमडली. गाडी नाकावर उभी राहिली आणि त्याच्यावर कोसळली.

आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. म्हणत होता, “पाय काढा माझे, पाय अडकलेत.” पाय अडकलेले नव्हते. मोकळे पसरलेले होते.

नदीकडे पळालेली रेनडिअरं काठाशी आपणहून थांबली होती आणि बर्फ उकरून चरायला लागली होती.

हेलिकॉप्टरने त्याला किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. मग पोलीस आला. त्याने तुटलेल्या भागाचे फोटो काढले आणि म्हणाला, “ही भेग जुनी आहे.” मिहकालने पलंगावरून जबाब दिला, “गाडी तिची. मला काही माहीत नव्हतं.” बिएराने आपण काय दुरुस्त केलं तेवढंच सांगितलं. आधी कुणी ठोकलं ते मी पाहिलं नाही, म्हणाला. खोटं नव्हतं ते. मी जे ऐकलं-पाहिलं ते जिथे-तिथे सांगितलं, पण लोक म्हणाले, तू तिची मैत्रीण.

खटला झाला नाही. नुसतं बोलणं उरलं: राव्दनाने भावाला मोडकी गाडी दिली.

तो घरी आल्यावर राव्दना त्याला भेटायला गेली. मला सोबत नेलं. इंगा दारातच म्हणाली, “आजारी माणसाशी वाद घालू नकोस.” मिहकाल खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता.

“मला दुसरं काही नको,” राव्दना म्हणाली. “दगडाचं फक्त आईला सांग.”

“मी असा बसलोय,” तो म्हणाला. “याहून वेगळं काय काढून घ्यायचंय तुला माझ्याकडून?”

“काढून घ्यायला नाही आले. माझं मला परत दे.”

“दार लावून घे जाताना. वारा येतो.”

इंगा स्वयंपाकघरात होती. भिंत लाकडी, पातळ. तिला ऐकू गेलं असणारच. तिने बाहेर येऊन आम्हाला कॉफी विचारली नाही.

त्या शरदात मिहकालने परवाना बायकोच्या भावाच्या नावे केला. नव्या मालकाने राव्दनाला निरोप पाठवला की त्याच्या परवान्याखाली परक्या खुणेची जनावरं चालणार नाहीत. बापाने स्वतः जनावरांचे कान कापून दिलेली तिची खूण परकी झाली. तिने सगळी जनावरं कत्तलीला दिली. मी कुंपणापाशी तिच्या शेजारी उभी होते. एक पांढरी मादी तिच्या हातून दगडफुलासारखं लायकेन खायची. ती आत जाताना राव्दना पाठ फिरवून हातमोजे झटकत राहिली.

आता ती गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. ईस्टरला चर्चमध्ये मिहकालची खुर्ची पुढे असते, ती मागच्या बाकावर बसते. इंगा गेली तेव्हा दोघांनी शवपेटीच्या दोन बाजूंना उभं राहून एकाच पुस्तकातून स्तोत्र म्हटलं आणि एकमेकांकडे पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे बटाटे सोलायला बसले होते. विचारलं, “कळपाची आठवण येते का गं?”

“सकाळी येते,” ती म्हणाली. “जाग आली की आधी कान देते, खुरांचा आवाज कुठून येतोय म्हणून. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी संडासात पाणी सोडतं.”

तिने पुढचा बटाटा घेतला.

“तो खोटं बोलला त्याचं मला एवढं नाही,” ती म्हणाली. “पण आईला आधीपासून खरं माहीत होतं, ते मला मागाहून कळलं. गाडीला मारायला रंगाचा डबा तिनेच त्याला आणून दिला होता.”