साहेबांचं ‘चालेल’

आमच्या मॅनेजरसाहेबांना कारखान्यात त्यांच्या पाठीमागे सगळे ‘चालेल’ म्हणतात. ‘चालेल आले का?’ ‘चालेल जेवायला गेलेत.’ शिवण वाकडी गेली, तरी ते म्हणणार चालेल. नाट्यगृहाचा मखमली पडदा उलगडला तेव्हा आम्ही सगळ्या हातातलं काम टाकून बघत राहिलो, तेव्हाही चालेलच. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं होतं, लग्नाआधी ती पहिल्यांदा त्यांच्या घरी जाऊन आली, तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना विचारलं, "कशी वाटते रे तुला?" तर हा गृहस्थ म्हणाला, "चालेल." सांगताना ती हसत होती खरी, पण इतक्या वर्षांनीही ते तिच्या मनातून गेलेलं नव्हतं.

माणूस वाईट नाही. पडदे शिवणाऱ्या या कारखान्यात ते इस्त्रीवर लागले आणि कोणाशी वाकडं न बोलता वर चढत गेले. वाकडं बोलायचं नाही म्हणून सरळही बोलायचं नाही, असा त्यांचा खाक्या. मी शिलाई विभाग सांभाळते आणि माझ्या तोंडाला लगाम नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

त्या आठवड्यात दवाखान्याचे पडदे परत आले. पहिल्याच धुण्यात आटून गुडघ्यापर्यंत वर गेलेले. कापड आटणार हे धरून कापतानाच खाली वीतभर जास्तीचं सोडायचं असतं, ते मास्तरांनी सोडलं नव्हतं. मास्तर म्हणजे आमच्याकडचे कापड कापणारे. प्रत्येक पडदा त्यांच्या कात्रीखालून जातो. मालकीणबाईंनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं आणि आम्हाला बाहेरपर्यंत ऐकू आलं, "उद्या दुपारनंतर मास्तर इथे दिसता कामा नयेत. आणि हे तुम्ही सांगायचं, मी नाही."

साहेब बाहेर आले ते पांढरेफटक होऊन. मास्तरांच्या एकट्याच्या कमाईवर घर चालतं आणि या वयात त्यांना दुसरीकडे कोणी उभं करणार नाही, हे साहेबांनाही माहीत होतं.

सगळे घरी गेल्यावर साहेबांनी मला थांबवून घेतलं. कोणाला कामावरून काढताना खोलीत तिसरं माणूस असलेलं बरं, आणि ते मी व्हायचं होतं. त्यांची तयारी बघून मी गारच पडले. केबिनच्या काचेतून सगळ्यांना दिसतं, म्हणून मालाची छोटी खोली त्यांनी स्वतः रिकामी केली होती. मास्तरांची खुर्ची दाराजवळ, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर कोणाला ओलांडायला नको. वेळ जेवणाच्या सुट्टीची, म्हणजे सामान आवरताना सगळ्यांच्या नजरा अंगावर येणार नाहीत. टेबलावर पाणी. पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा नाहीत. वाद घालायचा नाही. मलाच किती वाईट वाटतंय, हे तर अजिबात बोलायचं नाही. हे सगळं ते कुठून कुठून विचारून आले होते. माणूस ठेवून घेताना कोणी याच्या पावपट तरी तयारी करतं का?

"आता तुम्ही मास्तर व्हा," ते म्हणाले. "म्हणजे माझा सराव होईल."

मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. साहेबांनी घसा खाकरला.

"मास्तर, तुम्हाला आजपासून कामावरून कमी करतोय. आटण्याचं कापड तुम्ही सोडलं नाहीत, दवाखान्याची सगळी ऑर्डर वाया गेली."

"हे पहिल्यांदाच झालं का, साहेब?" मी मास्तर होऊन विचारलं.

"नाही. बरेच दिवस तुम्ही कमी सोडताय. माझ्या लक्षात आलं होतं."

"मग तेव्हा मला काय म्हणालात?"

उत्तर मला माहीत होतं, मी तिथेच उभी होते. मास्तरांनी कापलेलं कापड पसरून मोठ्या कौतुकानं विचारलं होतं, "बघा, किती कापड वाचवलं! एवढंच सोडलं तर जमेल ना?" आणि साहेब म्हणाले होते, "चालेल."

"मास्तर असलं काही विचारणार नाहीत," साहेब पुटपुटले.

माझं डोकंच फिरलं. "खोली आवरलीत, खुर्ची लावलीत, पाणी भरून ठेवलंत. त्या माणसाला त्याची चूक एकदा तोंडावर सांगायची, तेवढंच राहिलं."

आम्ही दिवे बंद करून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळभर मास्तरांच्या कात्रीचा आवाज येत होता आणि माझ्या हातून सुईत दोरा जात नव्हता. जेवणाची सुट्टी झाली. साहेबांनी मास्तरांना बोलावलं. गळ्यात टेप, बाह्यांवर कापडाचे दोरे, तसेच ते येऊन दाराजवळ बसले. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

साहेब ठरल्याप्रमाणे बोलले. शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मास्तर भडकतील, निदान विचारतील तरी, म्हणून मी वाट बघत होते. विचारा ना, असं मला ओरडावंसं वाटत होतं. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली.

"चालेल," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. पण त्या शब्दाचा अर्थ साहेबांइतका कोणाला ठाऊक असणार? बोलण्यासारखं पोटात पुष्कळ असायचं आणि धीर व्हायचा नाही, तेव्हाच तर ते तो शब्द वापरत आले होते. त्यांचा चेहरा असा झाला, की कोणीतरी थोबाडीत मारली असावी.

"बसा, मास्तर. जाऊ नका," असं म्हणून ते उठले आणि दार उघडं टाकून समोर मालकीणबाईंच्या केबिनमध्ये शिरले.

"बाई, हे चालणार नाही."

आम्ही दोघं इकडे खुर्चीला खिळलो. हे शब्द त्या तोंडातून आम्ही कधी ऐकलेच नव्हते.

"चूक त्यांची आहे," साहेब म्हणाले. "पण ती मी बघितली आणि गप्प बसलो. त्यांना मी एकदाही सांगितलेलं नाही. आधी सांगतो, सुधारायला वेळ देतो. नाही सुधारले तर मीच काढीन. पण आज नाही."

"आणि पुढची ऑर्डर परत आली तर?"

"तर त्यांच्यासोबत मलाही काढा."

मास्तर गुंडाळलेल्या टेपकडे बघत होते.

"महिनाभर," शेवटी बाई म्हणाल्या. "दोघांनाही."

साहेब परत आले तेव्हा मला त्यांची पाठ थोपटावीशी वाटली. ते मास्तरांसमोर बसले आणि जन्मात पहिल्यांदा सरळ बोलले. तुमचं काम सध्या वाईट होतंय, आटण्याचं कापड पूर्ण सोडायचं, यापुढे कापलेला प्रत्येक पडदा मी स्वतः बघेन आणि वाईट असेल तर वाईट म्हणेन.

मला वाटलं, मास्तरांचा जीव भांड्यात पडेल. पण ते हसलेसुद्धा नाहीत.

"साहेब, एक विचारू? नाट्यगृहाचा मखमली पडदा मी कापला होता. तेव्हाही तुम्ही चालेलच म्हणालात. तो कसा होता?"

"तसा पडदा मी दुसरा पाहिलेला नाही," साहेब म्हणाले.

मास्तरांचे डोळे भरून आले.

"मग तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच हातात धरून बसले. या प्रश्नाची तयारी त्यांनी केलेली नव्हती.