आईच्या नावाची पायरी आणि माझा चिंचेचा गोळा

आईचा फोटो आमच्याकडं एकही न्हाय. तिचं नाव तेवढं माहेरच्या देवळाच्या संगमरवरी पायरीवर कोरलेलं हाय, 'भागीरथी'. पायरी माझ्या भावानं बसवली. यंदा थंडी पडली आणि मी म्हटलं, बास, आता जायाचंच! पिशवीत भडंग, पाणी, पानाचा डबा आणि चिंचेचा हा एवढा गोळा. घरची तांब्याची घागर चिंचेनं लखलखते, मग आईचं नाव का न्हाय लखलखायचं?

पेठ वडगावातनं सकाळची एसटी धरून हातकणंगले, मग इचलकरंजी, पुढं कुरुंदवाड. मला म्हातारीला तिकीट न्हाय, नात मृणालला अर्धं. बायांनो, एवढ्या स्वस्तात जग दिसतंय तर घरात काय करताय? शेजारी बसलेल्या बाईची सून कशी हाय हे मला कुरुंदवाड येईस्तोवर सगळं समजलं, पण ते इथं लिहीत न्हाय.

वाटेत खिद्रापूर बघितलं. अगं बाई, काय ते देऊळ! काळ्या दगडाचे खांब असे गुळगुळीत की तोंड दिसावं. मंडपाच्या मधोमध वर छपरच न्हाय, गोल आभाळ. मान दुखेपर्यंत बघत राहिले. तुम्ही गेलात तर उन्हाच्या आधी जा, नंतर फरशी तळपायाला चटके देते. मृणाल कॉलेजात रसायनं शिकते. ती म्हणाली, "आज्जी, हा दगड लिंबाचिंचेला दाद देत न्हाय." मी म्हटलं, "बरं." डोक्यात काही शिरलं न्हवतं.

तिथनं रिक्षा करून माहेर गाठलं. पायरीशी वाकले आणि बघते तर काय! दगडाची चकाकी गेलेली, खडूसारखा पांढराफटक. 'भा' जवळजवळ पुसलेला. मी चिंच काढली, तर मृणालनं मनगटच धरलं.

"आज्जी, थांब! आहे तेवढं पण जाईल!"

"चिंचेनं? एवढी वर्षं घासते, माझी घागर गेली व्हय?"

"घागरीवरचा काळा थर जातो गं. इथं दगडच जातो."

मी फुगून बसले. मग तिनं माझा पानाचा डबा उघडला. आतल्या डबीच्या कडेला चुना वाळून खडखडीत झालता. गुरवाकडनं लिंबू आणून तिनं त्यावर थेंब पिळला. चुना फसफसला की! पाण्यातल्या सोड्यावानी बुडबुडे! "संगमरवर ह्याच चुन्याच्या जातीचा. आंबट लागलं की विरघळतो," ती म्हणाली. मी म्हटलं, पिळ अजून. अजून एकदा! सगळा चुना संपवला, मग दिवसभर पान न्हाय.

पण मी तर आजच चिंच आणली. मग आईचं नाव कुणी खाल्लं?

तेवढ्यात हार घातलेला नवा ट्रॅक्टर आला. मालक उतरला, लिंबू ओवाळलं आणि टाचेनं चिरडायला पायरीवर ठेवायला लागला. बरोब्बर नावावर! आमच्याकडं नव्या गाडीचं लिंबू तिथंच चिरडतात, वर्षानुवर्षं. मी नावावर फतकल मारून बसले.

"आज्जी, बाजूला व्हा की. मुहूर्त जातोय."

"पावणं, माझ्या आईवर लिंबू चिरडताय व्हय?"

"आई? कुठं हाय आई?"

मी लुगडं जरा सरकवून दाखवलं. तो वाकला, अक्षरं लावायला लागला, "...गी ...र..." आणि लिंबू धरलेला हात मागं घेतला.

त्याची बायको मागनं ओरडली, "अवं, लिंबं चाकाखाली ठेवा की! म्हातारी काय उठत न्हाय आता!"

फट् फट् लिंबं फुटली आणि टाळ्या मीच पहिल्या वाजवल्या. त्यांनी मला पेढा दिला. मी गुरवाला सांगितलं, खिद्रापुरासारखा काळा दगड बघ आणि पायरीच्या बाजूला ठेव, ज्याला लिंबू चिरडायचंय त्यानं त्याच्यावर चिरडावं. मागं विहिरीकडं एक पडला होता, त्यानं तो तिथल्या तिथं आणून टाकला. मग आम्ही पायरी साध्या पाण्यानं धुतली आणि पदरानं टिपली.

नाव काही उजळलं न्हाय. गेलेला दगड परत येत न्हाय म्हणे. पण 'थी'ची वेलांटी अजून बोटाला लागते, डोळे मिटून फिरवलं तरी.

चिंच तशीच परत आली, घरी आमटीत घातली. झकास झालती. जेवताना मृणालनं विचारलं, "आज्जी, ताटाच्या कडेला बोटानं काय लिहितेस?"

"काय न्हाय गं. वेलांटी."