सुपात वाळवलेली माती

माझ्याकडे धीर नावाची गोष्टच नाही. मातीचं वय कळायला महिनोन् महिने वाट बघावी लागते, असल्या कामात मी कशी पडले देव जाणे! घाटातल्या एका गुहेत आम्ही खोदत होतो. आपल्यासारखी माणसं तिथं पहिल्यांदा कधी राहायला आली, एवढंच मला हवं होतं. सगळ्यात खालच्या थरात दगडाची पाती मिळाली आणि त्यांच्याभोवती वीतभर माती. ती सगळी काळ्या कापडाखाली पोलादी नळीत घेतली. त्याखाली नुसता कातळ.

मातीतल्या वाळूचं रिक्षाच्या मीटरसारखं असतं. अंधारात गाडली गेली की आकडा चढत राहतो, ऊन लागलं की शून्य. प्रयोगशाळेत तो आकडा वाचतात. म्हणून नळी काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळून खांदा कॉलनीतल्या घरी आणली. सोमवारी पोचवायची होती. रविवारी घरात चैन पडेना, म्हणून खारघरला मैत्रिणीकडे गेले. आईला काही सांगितलं नाही. दोन मिनिटं लागली असती, तेवढाही दम नव्हता मला.

आई मिठागरवाल्यांची लेक. ओलं दिसलं की उन्हात घालायचं, हे तिच्या हाडात. गुंडाळीखालून ओल सुटलेली तिला दिसली. मी परत आले तर गॅलरीत सुपात माती पसरलेली. ढेकळं फोडलेली, बारीक मुळं वेचून बाजूला ठेवलेली.

"ओली व्हती गं," ती कौतुकानं म्हणाली. "बुरशी धरली असती. आता बग कशी मोकळी झालीय."

मी किंचाळले. काय काय बोलले ते आठवलं की आजही स्वतःचीच चीड येते. मग येरझाऱ्या घालत आमच्या खोदकामाच्या प्रमुख सरांना फोन लावला. "सर, घरातल्या एका अडाणी माणसानं उघडली." आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

"मंग परत आणू ना माती," ती म्हणाली. "मी येते उचलायला."

तिथं आता माती नव्हतीच. तेही मी तिला धड सांगितलं नाही.

सर ओरडले नाहीत. नळी घरी नेलीस कशाला, एवढंच विचारलं. अहवालात त्या थरापुढे मी 'वय अज्ञात' लिहिलं. मग मी आईला म्हणाले, "चुकलं माझं." ती "जाऊ दे गं" म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

पण आता माझ्या कशालाही हात लावण्याआधी विचारते. परवा सिंकपाशी माझा जेवणाचा डबा धरून उभी होती.

"ह्यो डबा उघडू काय? नाय तर राहू दे. मला काय कळतं."