कोळंबीला डोकं असतं का हो?

हसा, पण चहा घशाखाली उतरल्यावर हसा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेची गोष्ट सांगतोय. इतका मी जन्मात टरकलो नव्हतो!

विषय होता खाण्याच्या वस्तूंच्या जुन्या नावांचा. त्यात प्राचीन ग्रीकांचा कोळंबीसाठीचा शब्द, ‘कारिस’. तो आला कुठून, कुणालाच नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं, त्यांच्या ‘डोकं’ या अर्थाच्या शब्दावरून. कुणी म्हणतं, ग्रीकांच्याही आधीच्या कुठल्यातरी भाषेतून. आमचे जळगावचे मार्गदर्शक सर बजावून थकले, “‘मूळ अनिश्चित’ म्हण आणि मोकळा हो.”

पण ‘माहीत नाही’ म्हटलं आणि नापास केलं तर? धुळ्याच्या कॉलेजातली नोकरी या पदवीवर अडकलेली. सहा वर्षं पाण्यात! म्हणून प्रबंधात ठोकून दिलं: शब्द ग्रीकांच्या आधीच्या भाषेतलाच.

परीक्षक मॅडम मालवणच्या. त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं, तर मी प्रबंध उलटा धरला. मागे आबा, म्हणजे माझे वडील, चाळीसगावहून आणलेले पेढे मांडीवर घेऊन बसलेले.

मॅडमनी विचारलं, “‘कारिस’ डोक्यावरून आला असेल, हे तुम्हाला का पटत नाही?”

आणि तोंडातून काय निघावं?

“शक्यच नाही मॅडम! कोळंबीला डोकंच नसतं!”

मॅडमनी चष्मा काढला.

“कुठे पाहिलीत हो कोळंबी?”

“बाजारात. सोडे! लहानपणापासून निवडतोय. एकालाही डोकं नाही.”

आता आमच्या खानदेशात समुद्र कुठला? कोळंबी येते ती सोललेली, वाळवलेली, पिशवीतून. ती तशीच जन्मते, असं मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात आबा मला दुजोरा द्यायला उठले. “बराबर शे मॅडम! मी बी बठ्ठा बाजार देखा, एकले बी डोकं नही!”

मॅडमनी मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत कोळंबी. हे एवढं डोकं! वर मिशा! मला दरदरून घाम फुटला. संपलं सगळं, आता आबांना तोंड कसं दाखवू?

“मग, शब्दाचं मूळ काय म्हणता आता?”

“अ... अनिश्चित.”

“हेच ऐकायला बसलेय मघापासून!”

पदवी मिळाली, पण एका तळटिपेच्या अटीवर. ती मॅडमनी स्वतः सांगून लिहून घेतली: ‘संशोधकाने हा प्राणी अखंड पाहिलेला नाही.’

अख्ख्या प्रबंधात निर्विवाद सिद्ध झालेलं विधान तेवढं एकच!