टाकीची जागा

अर्थशास्त्रात एम.ए. करून मी दारोदार प्रश्न विचारत फिरायला लागलो, तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे खानेसुमारीवालाच झालास की." मला राग आला होता. मी माणसांचं सुख मोजायला निघालो होतो, निदान ट्रेनिंगमध्ये आम्हाला तसं सांगितलं होतं. परदेशातल्या एका संस्थेने डोंगरातल्या वाड्यांवरच्या गरीब घरांना पाण्याच्या टाक्या द्यायचं ठरवलं होतं. पावसाळ्यात छपराचं पाणी टाकीत साठवायचं आणि उन्हाळ्यात बायकांची पायपीट वाचवायची. पण गरीब कोण हे आधी ठरवायला हवं होतं, आणि ते आमच्या टॅबमधली प्रश्नावली ठरवणार होती.

आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून बरंच खाली उतरलं की एक वाडी लागते. तिथल्या शेवटच्या घरात एक काकी एकटी राहायची. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला एका कॅन्टीनमध्ये. झरा घराच्या खालच्या अंगाला, उतरायला सोपा आणि भरला हंडा घेऊन चढायला जीवघेणा. काकीचे गुडघे कामातून गेले होते. ती मधे दोनदा हंडा टेकवून वर आली, ते मी ओटीवर बसून पाहिलं. त्याच हंड्यातलं तांब्याभर पाणी तिने माझ्यापुढे ठेवलं, सोबत गुळाचा खडा.

ओटीवर एक लाल फ्रीज होता, वर विणलेला रुमाल. आमच्याकडे मुंबईकर नवा फ्रीज घेतात आणि जुना गणपतीला येताना टेम्पोत टाकून गावी आणतात. तो चालत नसतोच. पण त्यात उंदीर शिरत नाही, म्हणून बियाणं ठेवायला बरा पडतो. वरंधजवळ आमच्या घरीही असाच एक आहे. त्यात कुळीथ असतात आणि माझी दहावीची मार्कशीट. काकीच्या फ्रीजची तर वायरसुद्धा कापलेली होती. मला ती दिसली होती.

"पोरान आणलान," काकी म्हणाली, आणि कौतुकाने दार उघडून दाखवलं. "यात नाचणीचा बी हाय, वर भाताचा."

टॅबवर प्रश्न होता, घरात फ्रीज आहे का? हो किंवा नाही. चालतो का, हे कुणी विचारलंच नव्हतं. दिसेल ते लिहा, स्वतःचं डोकं चालवू नका, असं आमच्या साहेबांनी बजावलं होतं. तरी खाली शेऱ्याला जागा होती, दोन ओळी लिहिता आल्या असत्या. पण अजून घरं बाकी होती, वर रस्त्याला जीप ताटकळत होती, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. मी 'हो' दाबलं.

शेवटचा प्रश्न सुखाचा. दहा पायऱ्यांची शिडी आहे, सगळ्यात वर सगळ्यात चांगलं आयुष्य, तुम्ही कितव्या पायरीवर? टाक्यांचं सगळ्या वाडीला माहीत होतं, पण आलेल्या माणसापुढे घरातलं उणं काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काकी हसली. "आठ लिव. पोरगा कामाला हाय, कोणाच्या दारात जावा लागत नाय. अजून काय पायजे?"

पुढे शाळेच्या भिंतीवर यादी लागली. वाडीतली बरीच नावं होती, काकीचं नव्हतं. मला कळलं तेव्हा मी गप्प बसलो. तोंड उघडलं असतं तर पहिली चूक माझीच निघाली असती.

वर्षभराने आम्हाला पुन्हा त्याच घरांमध्ये पाठवलं. टाक्यांनी फरक पडला का हे बघायचं होतं, आणि त्यासाठी टाकी मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही घरांना तेच प्रश्न विचारायचे होते. या फेरीत कुणाला काही मिळणार नव्हतं. नुसतं मोजायचं होतं.

काकीच्या ओटीवर फ्रीज नव्हता. मी विचारायच्या आत तिने गोठ्यामागे बोट दाखवलं. तिथे तो उघड्यावर आडवा पडला होता, दार निखळलेला.

"फ्रीज हाय त्यांना टाकी नाय, असा सगली बोलली. मंग कशाला ठेवू? बी उंदरांनी खाल्लान, जाऊंदे. तू आता नाय लिव."

मी 'नाही' लिहिलं. मग शिडीचा प्रश्न आला. ती त्याचीच वाट बघत असावी.

"दोन लिव," ती म्हणाली, आणि माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. "का रे, एक लिवायचा?"

हे तिला मी शिकवलं होतं. वर्षापूर्वी ताठ मानेने आठ सांगणारी बाई माझ्यासमोर स्वतःला एकेक पायरी खाली उतरवत होती, आणि मी म्हणालो, "दोन ठीक आहे, काकी."

अहवाल मी नंतर वाचला. टाकी न मिळालेल्या घरांचं समाधान घसरलं, मिळालेल्यांचं टिकलं, म्हणजे टाक्यांचा उपयोग झाला, असा निष्कर्ष होता. झालाही असेल, टाकी दारात आली की कुणाचे पाय वाचणार नाहीत? पण त्या घसरणीत काकीचे दोन होते, आणि ते कसे आले हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे मी हट्टाने 'फ्रीज चालतो का' हा प्रश्न फॉर्ममध्ये घालून घेतला. बारीक नजर आहे म्हणून मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दुसऱ्या फेरीत टॅब बंद केल्यावर काकी मला घरामागे घेऊन गेली होती. पागोळ्या पडतात तिथे तिने जमीन सपाट केली होती आणि वर दगडांचा चौथरा रचला होता. दगड खालच्या ओढ्यातले, एकेक करून वर आणलेले.

"टाकी येल तवा जागा नको? तू शिकलेला हायस. बघून सांग, बरोबर हाय का."

या वेळी टाकी येणार नाही, एवढंच सांगायचं होतं. मी वाकून कडेचा दगड हलवून बघितला. पक्का बसला होता.

"बरोबर आहे, काकी," मी म्हणालो, आणि रस्त्याकडे चढायला लागलो.